उजवं-डावं

केमिस्टकडच्या मुलीनं विचारलं, त्वचा कशी आहे तुमची?
कोरडी, तेलकट की मिश्र?
मी म्हटलं, उजवी आणि डावी.
तिला वाटलं, बाईंचं इंग्रजी कच्चं आहे.

एकोणीस वर्षं बस चालवते मी इप्सविचमध्ये.
इथे चालक उजवीकडे, दार डावीकडे.
दुपारी फेलिक्स्टोच्या रस्त्याला लागलं
की ऊन उजव्या खिडकीशी येऊन बसतं,
तिकीट न काढता,
आणि शेवटच्या थांब्यापर्यंत उतरत नाही.
काच वारा अडवते, पाऊस अडवते.
ऊन सगळं नाही अडवत,
हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.
मोरीन तर हसलीच होती:
इंग्लंडात कसलं आलंय ऊन!

डावा गाल अजून चाळिशीत रेंगाळतोय.
उजवा पुढे निघून गेला,
साठीच्या थांब्यावर उभा आहे, घड्याळ बघत.
त्याच्यावर वांग,
पिकल्या केळ्यावर धरतं तसं,
डोळ्याच्या कडेला तीन रेघा,
तिसरी नवी, यंदाच्या उन्हाळ्यातली.
एवढं मोठं गालबोट लावून ठेवलंय
की दृष्ट लागायची आता काही भीती नाही.

ऋजुतानं वाढदिवसाला ट्यूब दिली.
वाटाण्याएवढंच घ्यायचं, आई.
रात्रीच. डोळ्यांपासून लांब.
आणि भसाभसा चोळायचं नाही, भांडी नाहीत ती.
मी फ्रीजरमधल्या पिशवीतून
एक वाटाणा काढून बेसिनच्या कडेवर ठेवला,
मापाला.
सकाळी तो सुरकुतला होता.

पाणीही इथलं जड.
किटलीच्या बुडाशी चुना, डाळ शिजता शिजत नाही,
तोंड धुतलं की कातडं
दुसऱ्या कुणाच्या मापाचं घातल्यासारखं.
सिंधूताई मिरजेहून सांगते, साय लाव गं, साय.
कुठून लावू?
इथल्या दुधाला तापवलं तरी
पाठ फिरवून बसतं.

मिसेस हॅडली दहा चाळीसला चढतात,
ब्याऐंशीच्या, हातात चाकांची पिशवी.
छान दिसतेस हं, व्ही, असं रोज म्हणतात.
(बिल्ल्यावर वैजयंती मावत नाही.)
परवा त्या केमिस्टच्या रांगेत
नेमक्या माझ्या उजव्या हाताला उभ्या.
मी हसले. त्याही हसल्या,
अनोळखी माणसाला हसतात तशा,
आणि हवेबद्दल दोन शब्द बोलल्या.

मग मी दुसरा गाल पुढे केला.

अगं, व्ही!
पिशवीचं चाक माझ्या पायावरून गेलं.
त्या पुन्हा वळसा घालून उजवीकडे आल्या,
चष्मा कपाळावर चढवला
आणि बघत राहिल्या, जरा जास्तच वेळ.
मला वाटलं, आता एखादं क्रीम सुचवतील.
म्हणाल्या,
बारा वर्षं तुझ्या बसमधून जातेय,
हिची ओळख कधी करून दिली नाहीस.

आमच्याकडे पंगतीत उजवं-डावं केलेलं चालत नसे.
एकाच्या पानात दोन, तर सगळ्यांच्या पानांत दोन.
म्हणून मीही वाटाण्याचे दोन भाग करते, अगदी सारखे,
बोटावर, दिव्याखाली, श्वास रोखून.
तरी लावताना
उजवीकडे जरा जास्त जातं.
तिनंच पाहिलाय सगळा रस्ता.

साडेचारला उठते.
पन्नास नंबरचं पांढरं मलम दोन बोटं भरून,
कानाच्या पाळीपर्यंत, मानेपर्यंत.
डेपोत अंधार असतो. मोरीन म्हणते, भूत दिसतेस.
ऊन अजून समुद्रापलीकडे,
हॉलंडात कुठेतरी
तोंड धूत असेल.